मुलांची साहसकथा लिहिणाऱ्याचं काम कसं चालतं? : आर्थर रॅन्समच्या निमित्तानं

पागोळी

मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्यांबद्दल बोलताना "काय अफाट कल्पनाशक्ती!" म्हटलं की बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. रोजचं काम कसं चालतं, गोष्ट अडते कुठे, सुटते कशी, हे बोलायचं राहून जातं. म्हणून हा धागा मुख्यतः एकाच लेखकाबद्दल : आर्थर रॅन्सम (१८८४–१९६७). त्याच्या 'स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' मालिकेची १२ पुस्तकं १९३० ते १९४७ या काळात आली. पहिलं लिहायला घेतलं तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. त्याआधी बरीच वर्षं वार्ताहर म्हणून काम केलेलं, रशियन क्रांतीच्या धामधुमीत तिथूनच बातम्या पाठवलेल्या. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये त्याचं लो लडरबर्न नावाचं घर होतं आणि शेजारच्या कोठाराच्या वरच्या मजल्यावर लिहायची खोली.

त्याच्या पद्धतीतली पहिली गोष्ट म्हणजे प्रकरणांची यादी. संपूर्ण पुस्तकाची प्रकरणं आधी नावानिशी मांडायची, कशात काय घडतं ते थोडक्यात टिपायचं, आणि यादी उभी राहिल्यावरच लिखाणाला बसायचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तो प्रकरणं क्रमानं लिहीत नसे. जे प्रकरण डोळ्यांसमोर स्पष्ट असेल ते आधी उतरवायचं, मग दुसरं, मग मधली भोकं बुजवायची. त्यानंतर पुनर्लेखन, आणि तेही कसून.

क्रमानं न लिहिण्याचा फायदा साहसकथेत फार मोठा आहे. पहिल्या पानापासून सरळ लिहीत गेलं की तयारीची प्रकरणं फुगतात : सामान बांधणं, प्रवास, तंबू ठोकणं. शेवटच्या संकटाकडे पोचेपर्यंत लेखक थकलेला असतो आणि ज्यासाठी मुलांनी पुस्तक हातात घेतलं तोच भाग दहा पानांत उरकला जातो. संकटाचं प्रकरण आधी लिहून ठेवलं असेल तर सुरुवातीला काय पेरायचं आणि काय गाळायचं ते आपोआप कळतं.

तोटाही आहे. बाविसाव्या प्रकरणात मुलगी खिशातून काडेपेटी काढते, आणि नवव्या प्रकरणात ती पाण्यात पडून नखशिखांत भिजलेली असते. त्यावर उपाय म्हणजे तक्ता. आडव्या ओळीत प्रकरणं, उभ्या रकान्यांत मुलं, आणि प्रत्येक चौकटीत तीन नोंदी : कुठे आहे, जवळ काय आहे, काय माहीत आहे. तिसरी नोंद सगळ्यात जास्त चुकते. ज्याला एखादी गोष्ट कळलेलीच नाही तोच ती पुढे बोलून दाखवतो, आणि दहा वर्षांचा वाचक ते हमखास पकडतो.

शीडवाला

चांगला विषय. यादीच्याही आधीचा एक टप्पा यात यायला हवा : पडताळणी.

१९३७ सालचं 'वुई डिडन्ट मीन टू गो टू सी' घ्या. चार मुलं एका शिडाच्या बोटीवर आहेत, बोटीचा तरुण मालक जिम पेट्रोल आणायला किनाऱ्यावर जातो आणि अपघातामुळे परत येऊ शकत नाही. धुकं दाटतं, बोट वाहत बंदराबाहेर जाते आणि मुलं उत्तर समुद्र ओलांडून हॉलंडला पोचतात. हे लिहिण्यासाठी रॅन्समनं स्वतःच्या 'नॅन्सी ब्लॅकेट' बोटीतून १९३६ साली हॉलंडमधल्या फ्लशिंगपर्यंतचा तोच प्रवास करून पाहिला. पुस्तकातली 'गॉब्लिन' म्हणजे हीच बोट.

आता बोट सुटते कशी ते पाहा, कारण सगळी कथा त्यावर उभी आहे. कुणी खलनायक दोर कापत नाही. नांगर टाकताना पाणी कमी असतं, नंतर भरती येते. नांगराचा साधा हिशेब असा की साखळी खोलीच्या निदान तिप्पट सोडायची, चौपट असेल तर उत्तम, आणि खोली मोजायची ती पूर्ण भरतीची. समजा ओहोटीला ३ मीटर पाण्यात १० मीटर साखळी सोडली. त्या वेळी ती पुरेशी आहे. त्याच बंदरात, म्हणजे हारविचला, मोठ्या भरतीत पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं. म्हणजे खोली साडेसहा मीटर, आणि तीच साखळी जेमतेम दीडपट उरते. साखळीची ओढ आडवी न राहता वर होते, नांगराचा फाळ चिखलातून सुटतो, बोट घसरू लागते. पुस्तकात मुलांतला थोरला जॉन आणखी साखळी सोडायला जातो आणि ती हातातून निसटून सगळीच्या सगळी पाण्यात जाते.

लेखकाच्या दृष्टीनं यातली मेख अशी की संकट योगायोगानं येत नाही, घड्याळाच्या काट्यावर येतं. भरती येणारच. फक्त साखळी वाढवायला मोठं माणूस बोटीवर नाही.

त्यापुढचा निर्णय आणखी सुरेख आहे. मुलांनी आईला वचन दिलंय की बंदराबाहेर जाणार नाही. पण धुक्यात किनाऱ्याकडे वळणं म्हणजे वाळूच्या दांड्यांवर बोट फोडून घेणं. समुद्रात जागा मोकळी आहे, तेव्हा वचन मोडून बाहेर जाणं हेच जास्त सुरक्षित. हा निर्णय पटतो तो लेखकाला तिथली उथळ जागा, बोये (पाण्यातल्या तरंगत्या खुणा), दीपनौका (दिवा दाखवत नांगरून ठेवलेली नौका) आणि प्रवाहाची दिशा ठाऊक असल्यामुळे. ढोबळ "वादळ आलं" लिहिलं असतं तर जॉन बेजबाबदार ठरला असता.

टंकमित्र

रॅन्सम थोर आहेच, पण साहसकथा लिहायची ती एकच रीत आहे असं चित्र उभं राहायला नको. अगदी उलट टोकाला एनिड ब्लायटन (१८९७–१९६८).

पीटर मकेलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाला तिनं १९५३ पासून लिहिलेल्या पत्रांत आपली पद्धत तपशीलवार सांगितली आहे. मांडीवर छोटा टाइपराइटर घ्यायचा, काही मिनिटं डोळे मिटून मन रिकामं करायचं. मग पात्रं समोर उभी राहतात, त्यांचे कपडे, चेहरे, आवाज सगळं दिसतं-ऐकू येतं, आणि एखाद्या खासगी पडद्यावर सिनेमा चालावा तशी गोष्ट सरकत जाते. आपण फक्त टाइप करायचं. पुढे काय होणार ते तिलाही आधी ठाऊक नसे. दिवसाला ६ ते १० हजार शब्द. साधारण ४० हजार शब्दांचं पुस्तक सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी संपलेलं. 'फेमस फाइव्ह'ची २१ पुस्तकं १९४२ ते १९६३ या काळातली आहेत, आणि त्याच वर्षांत तिची बाकीची ढीगभर पुस्तकं चालूच होती.

तिच्याकडे ना यादी, ना तक्ता, ना प्रत्यक्ष प्रवास. तरी मुलं पुस्तक खाली ठेवत नाहीत. आराखड्याशिवाय चालतं याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

पागोळी

टंकमित्र, ब्लायटनची पद्धत चालते यात वाद नाही. पण ती कशाच्या जोरावर चालते ते पाहायला हवं. तिच्या मालिकांत साचा पक्का आहे : सुटी, एक नवी जागा, खाण्याची टोपली, संशयास्पद मोठं माणूस, गुप्त वाट, शेवटी पोलीस. पात्रांच्या जोडण्या आणि स्वभाव ठरलेले. म्हणजे यादी कागदावर नसली तरी शेकडो गोष्टी लिहून झाल्यामुळे हातात मुरलेली आहे. पहिलं पुस्तक लिहिणाऱ्यानं डोळे मिटले तर त्याला तो सिनेमा तिसऱ्या प्रकरणापर्यंतच दिसतो.

शिवाय या वेगाची किंमत मोजावी लागते. गुप्त भुयारं पुन्हा पुन्हा येतात, आणि सुटका मुलांच्या कसबापेक्षा नशिबानं होते. रॅन्सममध्ये मुलं सुटतात ती त्यांना काहीतरी येतं म्हणून.

टंकमित्र

साच्याचं मान्य. पण तिच्याकडून एक गोष्ट घ्यायलाच हवी : रोज बसणं आणि सलग बसणं. न्याहारीनंतर सुरुवात, दुपारचं जेवण आटोपतं घेऊन पाच वाजेपर्यंत काम. सलग लिहिण्यानं मजकुरात जो ओघ येतो तो तुकड्यातुकड्यानं लिहून येत नाही. वाक्यं छोटी, दर पानावर संवाद, प्रकरणाच्या शेवटी एक उघडा प्रश्न. मोठ्यानं वाचून दाखवताना तिची पुस्तकं कुठेच अडखळत नाहीत. रॅन्समच्या काही पुस्तकांत बोटीच्या दोऱ्यांची वर्णनं इतकी लांबतात की होडी न पाहिलेलं मूल तिथे गळतं.

शीडवाला

हे खरं आहे. दोऱ्यांची वर्णनं टिकतात ती फक्त तो दोर पुढे तुटणार असेल किंवा कुणाला वाचवणार असेल तेव्हा.

नकाशे

नकाशाबद्दल कुणीच बोललं नाही अजून!

स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'चा जन्मच नकाशातून झाला. १८८१ चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमर. सावत्र मुलगा चित्रं रंगवत होता, त्याच्यासोबत स्टीव्हन्सननं एका बेटाचा नकाशा काढला, आणि नकाशाकडे बघता बघता त्या झाडीतून माणसं दिसू लागली. लगेच प्रकरणांची यादी केली आणि रोज एक या गतीनं पहिली १५ प्रकरणं लिहून झाली. मग गाडी ठप्प. उरलेला भाग पुढे स्वित्झर्लंडमधल्या डाव्होसला झाला, पुन्हा रोज एक प्रकरण याच गतीनं. रॅन्सम आणि ब्लायटन यांच्या मधली ही वाट म्हणता येईल : जागा पक्की, यादी कच्ची, वेग भरपूर.

या नकाशाचं पुढे काय झालं ते प्रत्येक साहसकथाकारानं ध्यानात ठेवावं. पुस्तकासाठी पाठवलेला मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही. मग स्टीव्हन्सनला अख्खं पुस्तक उलटं चाळून प्रत्येक उल्लेख, अंतर, दिशा गोळा करावी लागली आणि त्याबरहुकूम नवा नकाशा बसवावा लागला. तो नवा नकाशा आपल्याला कधीच खरा वाटला नाही असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. नकाशावरून गोष्ट लिहिणं सोपं आणि गोष्टीवरून नकाशा काढणं महाकठीण.

रॅन्समनं तिसराच मार्ग काढला. त्याचं तळं म्हणजे विंडरमिअर आणि कॉनिस्टन या दोन खऱ्या तळ्यांची मिसळ. गोष्टीतल्या वाइल्ड कॅट बेटावरचं गुप्त बंदर कॉनिस्टनमधल्या पील आयलंडवरून घेतलंय. तुकडे खरे, जोडणी मनाची. त्यामुळे खडक कसा दिसतो, पाणी कुठे उथळ होतं याचा तपशील आयता मिळतो आणि अंतरं गोष्टीच्या सोयीनं ठेवता येतात. पण एकदा ठेवली की ठेवली. पुढच्या पुस्तकात तेच तळं आलं तर तीच अंतरं. उलट मालिकेतल्याच 'कूट क्लब'मध्ये पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक ब्रॉड्स या नद्या-तळ्यांच्या भागाचा भूगोल जवळपास जसाच्या तसा आहे, तिथे नद्या, पूल, गावं खऱ्या नावांनी येतात.

शीडवाला

नकाशेंच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. कॉनिस्टन तळं सुमारे ८ किलोमीटर लांब, विंडरमिअर सुमारे १७. तेरा-चौदा फुटी शिडाची होडी बऱ्या वाऱ्यात ताशी साडेपाच किलोमीटर जाते असं धरू. वारा पाठीशी असेल तर कॉनिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दीड तास. वारा समोरून असेल तर सरळ जाताच येत नाही, दोन्ही बाजूंना आलटून पालटून नागमोडी जावं लागतं. अंतर कमीत कमी १.४ पट होतं, प्रत्येक वळणाला वेग मरतो, होडी वाऱ्यानं थोडी मागे सरकते. म्हणजे अडीच तास सहज.

हा एक तासाचा फरक म्हणजे आयतं कथानक आहे. जाताना दीड तास लागला म्हणून मुलं निवांत राहतात, येताना वारा तोच पण दिशा उलटी, आणि अंधार गाठतो. कुणी वाईट माणूस लागत नाही. लेखकानं प्रत्येक दिवसाच्या पानावर वाऱ्याची दिशा, सूर्यास्ताची वेळ आणि चंद्राची तिथी लिहून ठेवली की अशी प्रकरणं स्वतःहून सुचतात. चंद्र विशेष सांभाळायचा. सोमवारी पौर्णिमा दाखवून शुक्रवारी संध्याकाळी सातला भरपूर चांदणं पडलं, तर ती चूक आहे. तोवर चंद्र रात्री उशिरा उगवायला लागलेला असतो.

रानवाट

'पिजन पोस्ट' (१९३६) या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी कार्नेगी पदक सुरू झालं तेव्हा पहिलं याच पुस्तकाला मिळालं. मुलं डोंगरात सोनं शोधतात, गारगोटी कुटतात, चाळतात, कोळसा पाडतात, भट्टी रचतात, भाता मारतात. खाणींचं ज्ञान रॅन्समला ऑस्कर नॉस्पेलियस या खाणकामातल्या जाणकार मित्राकडून मिळालं आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलंय.

जवळून पाहण्यासारखी जागा म्हणजे त्यातल्या डिक या मुलानं केलेली सोन्याची परीक्षा. भट्टीत मूस (धातू वितळवायचं भांडं) फुटते, हाती फार काही लागत नाही. उरलेल्या चुऱ्याचं काय करायचं? डिकनं वाचलेलं असतं की सोनं अ‍ॅक्वा रेजियात, म्हणजे आम्लराजात विरघळतं. चुरा टाकतो, विरघळतो, म्हणून सोनं! विधान बरोबर, निष्कर्ष चूक. आम्लराजात सोनं विरघळतं तसे इतर बहुतेक धातूही विरघळतात. ते असतं तांब्याचं खनिज. म्हणजे लेखकानं मुलाला मूर्ख न ठरवता चुकवलंय, आणि चूक अशी की शाळेतला हुशार मुलगा नेमकी तीच करेल. असं लिहायला लेखकाला विषय मुलापेक्षा एक पायरी जास्त कळावा लागतो. तज्ज्ञाला विचारताना "हे कसं करतात" याच्या जोडीला "नवखा माणूस यात कुठे फसतो" हे विचारावं. गोष्ट दुसऱ्या उत्तरात असते.

त्याच पुस्तकातली पेरणी पाहा. निरोप नेणारी तीन कबुतरं : होमर, सॉफोक्लिस आणि सॅफो. सॅफो बेभरवशाची, वाटेत रमणारी, हे सुरुवातीलाच ठसवलंय. कबूतर खुराड्यात शिरलं की घंटा वाजेल अशी जोडणी डिक आधीच करून ठेवतो. शेवटी डोंगराला आग लागते तेव्हा हाताशी उरते ती सॅफोच. पहिल्या प्रकरणांतल्या दोन साध्या गोष्टी शेवटाला एकत्र येतात. प्रकरणांची यादी नसती तर हे जुळवणं अवघड होतं.

दुर्वांकूर

मोठ्या माणसांना बाजूला कसं काढायचं, यावर कुणी लिहील का? अनाथ मुलं, दुष्ट काका, हरवलेले आईवडील, हे सोडून.

पागोळी

रॅन्सम परवानगीनं काढतो, आणि मला हा त्याचा सगळ्यात मोठा शोध वाटतो. पहिल्या पुस्तकात नौदलातले वडील मुलांना बेटावर राहायला तारेनं होकार कळवतात. आई जवळच्या शेतघरात आहे, मुलं बेटावर. पण रोज सकाळी डिक्सनच्या शेतावरून दूध आणायचं. या दुधानं तीन कामं होतात : पालक निर्धास्त राहतात, लेखकाला दिवस मोजता येतात, आणि एखाद्या सकाळी दूध आणायला कुणी गेलं नाही तर मोठ्यांना काळजी वाटायला सबळ कारण मिळतं.

'विंटर हॉलिडे' (१९३३) मध्ये तर आजार कामाला लावलाय. नॅन्सीला गालगुंड होतात. ती सगळ्यांची म्होरकी, तीच खोलीत अडकते, आणि संसर्गाच्या भीतीनं बाकीच्यांची शाळा लांबते. एका आजारानं सुटी वाढली, सूत्रधार दूर गेला आणि डिक-डोरोथिया या बुजऱ्या भावंडांना पुढे यायला जागा झाली. शिवाय दुरून दिसलेल्या खुणेचा चुकीचा अर्थ लावून ती दोघं एकटीच निघतात आणि बर्फाच्या वादळात सापडतात.

रानवाट

खुणांचं मूळही खरं आहे. लो लडरबर्नहून दरीपलीकडच्या शेजाऱ्याशी रॅन्समची आकृत्या टांगून बोलायची पद्धत होती, मासेमारीचे बेत त्यावर ठरत. कोणती आकृती दुरून ओळखू येते, कोणती चुकते, हे वापरून माहीत होतं. म्हणून पुस्तकातली गफलतही पटते.

दुर्वांकूर

आणि चित्रं? त्यानं स्वतःच काढली ना?

नकाशे

'पीटर डक' (१९३२) पासून स्वतः. आधीच्या चित्रकारांच्या कामावर तो खूश नव्हता. मुलांना हव्या त्या पवित्र्यात उभं करून फोटो काढायचे आणि त्यावरून शाईची रेखाटनं करायची. त्या फोटोंना तो 'हॉलिवूड्स' म्हणे. चेहऱ्यांवर हात तितका बसलेला नव्हता, म्हणून त्याच्या चित्रांत मुलं बरेचदा पाठमोरी दिसतात. त्याचा परिणाम छान होतो : वाचक मुलांच्या मागे उभा राहून तेच बघतो जे ती बघताहेत. चित्र काढताना मजकुरातल्या चुकाही सापडतात. वल्हं डाव्या हातात असताना दोर कुठल्या हातानं धरला, हे वाक्यात निभावून जातं, चित्रात नाही.

टंकमित्र

पहिल्या वाचकाचा मुद्दा राहतोय. रॅन्समची बायको एव्हगेनिया हस्तलिखितं वाचायची आणि अतिशय परखड बोलायची. 'द पिक्ट्स अँड द मार्टर्स' तिला इतकं कंटाळवाणं वाटलं की त्यानं ते बाजूला ठेवलं, नंतर १९४३ साली ते छापून आलं. आज अनेक वाचकांना ते मालिकेतलं उत्तम पुस्तक वाटतं. पहिल्या वाचकाला "आवडलं का" विचारूच नये. "कुठे वाचायचं थांबलात" एवढंच विचारावं. पान क्रमांक मिळतो, त्यावर काम करता येतं. निकालावर करता येत नाही.

नवशिका

सगळं वाचलं. लिहायला घेतलेली गोष्ट छोटी आहे, १२ हजार शब्दांची, ९ ते १२ वयासाठी. रॅन्समसारखी तीसेक प्रकरणं तिला झेपणार नाहीत. किती ठेवावीत?

पागोळी

दहा ठेवा, प्रत्येकी हजार ते चौदाशे शब्द. मोठ्यानं वाचायला एका प्रकरणाला दहा मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे झोपताना एक. मुलं तीनच घ्या, चौथं आलं की संवादात "कोण बोललं" सांगण्यात शब्द जातात. नववं प्रकरण आधी लिहा. मग त्यात वापरलेल्या वस्तू आणि कौशल्यं वेगळ्या कागदावर उतरवा. त्यातलं प्रत्येक दुसऱ्या ते सहाव्या प्रकरणात एकदा सहज, बिनमहत्त्वाचं वाटेल असं दिसलं पाहिजे. एकाच प्रकरणात दोन पेरू नका, उघडं पडतं.

शीडवाला

आणि जागा कुठली आहे? नदी, डोंगर, किनारा? त्यावर वेळापत्रक ठरेल. मुलं पायी असतील तर सपाटीला ताशी ४ किलोमीटर धरा, चढावर दर १०० मीटर उंचीला दहा मिनिटं वाढवा, आणि सगळ्यात लहान मुलाच्या चालीनं मोजा, मोठ्याच्या नाही.

नवशिका

नदीचा किनारा आणि एक पडका बंधारा. होडी नाही, हवा भरलेल्या ट्यूबचा तराफा.

शीडवाला

मग प्रवाहाचा वेग आधी पक्का करा. ताशी ३ किलोमीटरचा प्रवाह बघायला संथ वाटतो, पण मुलांना त्याविरुद्ध तराफा वल्हवत नेता येत नाही. म्हणजे तराफा जाताना वापरता येईल, येताना नाही. परतीची वाट किनाऱ्यानं चालतच येणार, आणि ती वाट बंधाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे ते नकाशात आजच ठरवा. बंधाऱ्याच्या खाली पाणी जिथे उलटं फिरतं तिथे कुणालाही पोहायला लावू नका, तिथे पट्टीचा पोहणाराही अडकतो. वाचक लहान आहेत, ते करून बघतील. ती जागा मुलांनी ओळखून टाळली असं दाखवा, प्रकरणाला ताण तेवढ्यानंही पुरतो.